टायर दैवाने फुटत नाही

मोटारींच्या शर्यती आणि धाराशिव जिल्हा यांचा एकमेकांशी काय संबंध, असा प्रश्न कोणत्याही कार्यकर्त्याला पडावा हे स्वाभाविक आहे. ज्या जिल्ह्यातील भूम, वाशी, कळंब भागांतील हजारो कुटुंबे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन घराबाहेर पडतात, तेथे ताशी तीनशे किलोमीटर वेगाने धावणाऱ्या मोटारींचे कौतुक कोणाला असणार? तरीही कळंबच्या किंवा उमरग्याच्या चहाच्या टपरीवर बसलेली कॉलेजची पोरे आज मोबाईलवर या शर्यती पाहतात, गाड्यांची व चालकांची नावे घेऊन वाद घालतात. त्यांना पाहून चळवळीतील वडीलधारी मंडळी नाक मुरडतात. हा श्रीमंतांचा खेळ, भांडवलदारांच्या जाहिरातींचा तमाशा, असा शेरा मारून विषय संपवला जातो.

शेरा खोटा नाही. मात्र त्याने विषय संपत नाही. या श्रीमंत खेळात एकदा टायरवरून जे रणकंदन माजले, त्याने एक असा प्रश्न उघड्यावर आणला, जो धाराशिवच्या रस्त्यावर रोज पडतो आणि रोज दडपला जातो. टायर निकामी झाला, तर जबाबदार कोण?

इंडियानापोलिसचा धडा

अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे १९ जून २००५ रोजी फॉर्म्युला वन शर्यत होती. त्या हंगामात टायर पुरवणाऱ्या कंपन्या दोन होत्या: फ्रान्सची मिशेलिन आणि जपानची ब्रिजस्टोन. दहापैकी सात संघ मिशेलिनचे टायर वापरत होते. वेग आटोक्यात ठेवण्याच्या हेतूने त्या वर्षी नियम करण्यात आला होता की, शर्यत सुरू झाल्यावर टायर बदलायचा नाही. एकाच संचावर शर्यत पुरी करायची. शर्यतीच्या दोन दिवस आधी, सरावात, तेराव्या वळणावर राल्फ शूमाकर याच्या गाडीचा मागचा डावा टायर निकामी झाला आणि गाडी भिंतीवर आदळली. ते वळण उताराचे व अतिवेगाचे होते आणि धावपट्टीचा पृष्ठभाग नव्याने घासून खरबरीत करण्यात आला होता. मिशेलिनच्या तंत्रज्ञांनी तपासणी केली आणि लेखी कळवले की, त्या वळणावर वेग कमी केला नाही, तर हे टायर दहा फेऱ्यांपलीकडे सुरक्षित राहतील याची हमी देता येत नाही. शर्यत होती त्र्याहत्तर फेऱ्यांची.

मग वाटाघाटींचा घोळ सुरू झाला. वळणाआधी वेग रोखणारा अडथळा उभारावा, असे बहुसंख्य संघांचे म्हणणे पडले. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने ते नाकारले. योग्य टायर घेऊन आलेल्यांवर ऐनवेळी अन्याय का करायचा, असा महासंघाचा युक्तिवाद होता. मिशेलिनच्या गाड्यांनी त्या वळणावर हळू जावे किंवा वारंवार थांबून टायर बदलावेत, असे पर्याय त्याने पुढे केले. फेरारी संघाने अडथळ्याच्या तडजोडीला साथ दिली नाही. अखेरीस वीसच्या वीस गाड्या आरंभापूर्वीच्या फेरीसाठी निघाल्या आणि फेरी संपताच त्यांतल्या चौदा गाड्या बाजूला वळून थांबल्या. शर्यत सहा गाड्यांची झाली. मायकेल शूमाकर जिंकला. भारताचा नारायण कार्तिकेयन चौथा आला आणि या स्पर्धेत गुण मिळवणारा पहिला भारतीय ठरला. त्या यशामागे चौदा थांबलेल्या गाड्या होत्या, हे त्यालाही ठाऊक असणार.

लाखाहून अधिक प्रेक्षक तेथे होते. त्यांनी आरडाओरडा केला, बाटल्या आणि डबे धावपट्टीवर फेकले, अनेकजण शर्यत सुरू असतानाच उठून गेले. सुटी काढून, दूरदूरच्या गावांहून, महिन्या-दोन महिन्यांची शिल्लक खर्चून आलेला तो सामान्य नोकरदार प्रेक्षक होता. त्याच्या संतापाला थिल्लरपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्याला दिलेले वचन मोडले गेले होते, आणि प्रत्येक जबाबदार पक्ष दुसऱ्याकडे बोट दाखवत होता.

परंतु त्या संतापाचा रोख काही अंशी चुकला. थांबलेल्या गाड्यांचे चालक भित्रे आहेत, असाही सूर उमटला. वस्तुतः त्या दिवशी शहाणपणाने वागणारे कोणी असेल, तर ते थांबणारेच. प्रेक्षकाच्या तिकिटाची किंमत कितीही असो, माणसाच्या जिवाची किंमत तिच्याहून मोठी असते. खरा दोष शर्यतीच्या दिवसाचा नव्हताच. तो आधीच्या व्यवस्थेचा होता. एकच टायर शेवटपर्यंत चालवण्याचा नियम करणारे, पृष्ठभाग बदलल्यावर त्यावर सर्वांच्या टायरची चाचणी सक्तीची न करणारे आणि स्पर्धेच्या नावाखाली एकमेकांपासून माहिती राखून ठेवणारे असे सारेच त्या दोषाचे धनी होते. ब्रिजस्टोनच्या मालकीची फायरस्टोन कंपनी त्याच धावपट्टीवरील दुसऱ्या एका प्रसिद्ध शर्यतीला टायर पुरवत असल्यामुळे, त्या पृष्ठभागाचा अनुभव एका बाजूकडे होता व दुसऱ्या बाजूकडे नव्हता. सुरक्षिततेचे ज्ञान ही जेव्हा खासगी मालमत्ता होते, तेव्हा दुसऱ्याचा धोका हा स्वतःचा नफा ठरतो. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत स्पर्धेचे गुण गाताना हे प्रकरण सहसा शिकवले जात नाही.

पुढे काय घडले, तेही लक्षात घेण्याजोगे आहे. नऊ दिवसांनी, २८ जून रोजी, मिशेलिनने सर्व प्रेक्षकांना तिकिटाचे पैसे परत देण्याचे जाहीर केले आणि पुढल्या वर्षीच्या शर्यतीची वीस हजार तिकिटे विकत घेऊन त्यांना देण्याचे मान्य केले. प्रेक्षकांनी न्यायालयात लावलेले दावे पुढे टिकले नाहीत; तरीही पैसे परत करावे लागले. हे औदार्य नव्हते. अमेरिकेची बाजारपेठ मोठी, प्रेक्षकांचा संताप दूरचित्रवाणीवरून जगभर दिसलेला आणि टायर कंपन्यांच्या नावाने तेथे आधीच वातावरण तापलेले. पाचच वर्षांपूर्वी, ऑगस्ट २०००मध्ये, फायरस्टोनला पासष्ट लाख टायर परत मागवावे लागले होते. ते टायर निकामी होऊन गाड्या उलटल्याने झालेल्या मृत्यूंची संख्या दोनशेच्या पुढे गेली होती. त्यातून त्याच वर्षी अमेरिकेत कायदा झाला, आणि टायर व वाहने यांतील दोषांची माहिती सरकारला वेळेवर कळवणे उत्पादकांवर बंधनकारक झाले. लोकक्षोभ आणि कायदा यांची जोड मिळाली म्हणजे कंपनीला एकाएकी सद्बुद्धी सुचते.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. ३० जून २०१३ रोजी इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोनच्या शर्यतीत पिरेली कंपनीचे टायर एकामागून एक फुटले. काही दिवसांतच चालकांच्या संघटनेने जाहीर केले की, पुढच्या जर्मनीतील शर्यतीत असे पुन्हा घडले, तर चालक गाड्या थांबवतील. कंपनीला त्याच शर्यतीसाठी मागच्या टायरची रचना बदलावी लागली. कोट्यवधींचे मानधन घेणाऱ्या चालकांनाही अखेर संघटनेचाच आधार घ्यावा लागला, हे विसरता कामा नये. काम नाकारण्याचा अधिकार हाती असला, तरच सुरक्षिततेच्या मागणीला कोणी किंमत देतो.

दैव, चालक आणि पंचनामा

आता आपल्या राज्याकडे वळावे. महाराष्ट्रातील रस्त्यांवर अपघात झाला की, दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक ठरलेले वाक्य असते: ‘टायर फुटल्याने चालकाचा ताबा सुटला.’ या वाक्यात टायर आपोआप फुटतो. तो कोणी बनवला, केव्हा बनवला, किती झिजला होता, कोणी चढवला, त्यावर किती भार होता, यांपैकी एकाही प्रश्नाला त्या वाक्यात जागा नाही. उरतात दोनच आरोपी, एक दैव आणि दुसरा चालक.

दैवाचा बचाव न्यायालयातही मांडला गेला. २५ ऑक्टोबर २०१० रोजी पुण्याहून मुंबईकडे जाणाऱ्या मोटारीचा मागचा टायर फुटून ती खोल खड्ड्यात कोसळली आणि एका तरुण प्रवाशाचा मृत्यू झाला. न्यायाधिकरणाने कुटुंबाला सव्वा कोटी रुपयांची भरपाई दिली. विमा कंपनी त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली. टायर फुटणे ही ईश्वरी करणी आहे, त्यात मानवी हयगय नाही, असा तिचा दावा होता. फेब्रुवारी २०२३मध्ये उच्च न्यायालयाने हा दावा फेटाळला. टायर फुटणे ही ईश्वरी करणी नव्हे; कमी-अधिक हवा, जुना टायर, अतिवेग, तापमान अशी त्याची कारणे असतात आणि प्रवासापूर्वी टायरची स्थिती पाहणे हे कर्तव्य आहे, असा त्या निकालाचा आशय आहे. दैवाचे दार न्यायालयाने बंद केले, ही मोठी गोष्ट झाली.

परंतु या देशात एक दार बंद झाले की, दुर्बलाच्या अंगावर दुसरे उघडते. ‘टायर फुटला’ हे शब्द जसे चालकाला दोषी ठरवतात, तसेच कधी मूळ कारणावर पांघरूणही घालतात. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर बुलढाणा जिल्ह्यात खासगी बस पेटून पंचवीस प्रवासी जळून मेले. चालकाने टायर फुटल्याचे सांगितले. परिवहन खात्याच्या तपासात त्याचा पुरावा आढळला नाही. म्हणजे हे वाक्य कोणालाही, कशासाठीही वापरता येते. कारण टायरची रीतसर तपासणी अशा प्रकरणांत अपवादानेच होते. बळींची संख्या मोठी असली, तर खाते जागे होते. एकटा ट्रॉलीवाला मेला, तर पंचनाम्यात ते एक वाक्य पुरते.

सरकारचा उपाय म्हणजे प्रबोधन. दर जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान साजरे होते, फलक लागतात, पाहुणे येतात, ट्रॉलीच्या मागे चमकणारी पट्टी चिकटवतानाचे छायाचित्र निघते. पट्टी चिकटवणे वाईट नाही. पण ज्या ट्रॉलीला ती चिकटवली, तिचे टायर गोटा झालेले आहेत, हे त्या छायाचित्रात दिसत नाही. मोटारीच्या, ट्रकच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असली पाहिजे, असा केंद्रीय मोटार वाहन नियम आहे. तो नियम काट्यावर रांगेत उभ्या असलेल्या ट्रॉलींना लावला, तर हंगामाच्या पहिल्याच दिवशी किती ट्रॉली मागे फिरतील, याचा अंदाज साखर पट्ट्यातील कोणताही पंक्चरवाला देईल.

गाडीवानाचा टायर

धाराशिव जिल्ह्याच्या अर्थव्यवस्थेत टायरला जे स्थान आहे, ते शहरी वाचकाला सहज कळणार नाही. या जिल्ह्यात उसाचे कारखाने आहेत आणि याच जिल्ह्यातून ऊसतोड मजूर सांगली-कोल्हापूरकडे, कर्नाटकाकडे जातात. ज्याच्याकडे बैलजोडी आहे, तो गाडीवान म्हणून टोळीत जातो. बैल त्याचे, श्रम नवरा-बायकोचे आणि गाडी बहुधा कारखान्याची. ही रबरी चाकांची टायरगाडी कारखाना भाड्याने देतो आणि भाडे मजुराच्या हिशेबातून वळते करतो. टायर पंक्चर झाला, फाटला, बाद झाला, तर त्याचा भुर्दंड अनेक ठिकाणी गाडीवानाच्याच नावावर पडतो. गाडीत दोन-तीन टन ऊस आणि बैलांच्या मानेवर जू. उतारावर टायर गेला की, गाडी एका अंगाला कलंडते, बैल जुवासकट ओढले जातात आणि उसावर बसलेली बाई वा पोर कोठे फेकले जाईल याचा नेम नसतो.

इंडियानापोलिसच्या चालकासमोर त्या दिवशी जे स्वातंत्र्य होते, ते या गाडीवानाला आहे काय? ‘हा टायर दहा खेपांपलीकडे टिकणार नाही’ असे त्याला कोणी लेखी कळवत नाही. त्याला ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. तरीही तो थांबू शकत नाही. हंगामाआधी त्याने मुकादमाकडून उचल घेतलेली असते. खेप चुकली की, उचल फिटत नाही. उचल फिटली नाही की, पुढचा हंगामही त्याच मुकादमाकडे गहाण. अर्थशास्त्राच्या भाषेत याला मुक्त करार म्हणतात. ज्या करारात धोका पत्करणारा मजूर आणि नफा घेणारा कारखाना, त्या कराराला मुक्त म्हणणे ही भाषेची विटंबना आहे.

येथे एक आक्षेप हमखास येईल, आणि तो सहानुभूतीदार वर्तुळातूनही येईल. कारखाने आधीच कर्जात आहेत. जिल्ह्यातील सहकारी कारखाने बंद पडले, भाड्याने गेले, शेतकऱ्यांची बिले थकली. अशा वेळी टायरचा खर्च त्यांच्यावर टाकला, तर उरलेलेही बंद पडतील. आक्षेप गंभीर आहे. पण त्याचा अर्थ काय होतो, ते स्पष्ट बोलले पाहिजे. कारखाना चालावा म्हणून गाडीवानाने स्वतःच्या जिवाचे अनुदान द्यावे, असा तो अर्थ आहे. साखरेच्या उत्पादनखर्चात मळीचा, पोत्याचा, व्याजाचा हिशेब होतो. मग फुटलेल्या टायरचा आणि मोडलेल्या कमरेचा हिशेब का होऊ नये? जो खर्च मालकाच्या वहीत लिहिला जात नाही, तो नाहीसा होत नाही. तो मजुराच्या घरात जाऊन बसतो.

टायरच्या किमतीचीही एक कथा आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ३१ ऑगस्ट २०१८च्या आदेशाने देशातील पाच मोठ्या टायर कंपन्यांना संगनमताने किमती ठरवल्याबद्दल एकूण १,७८८ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरण ट्रक-बसच्या, बदली म्हणून विकल्या जाणाऱ्या टायरचे होते, म्हणजे नेमके छोट्या वाहतूकदाराच्या खिशाला भिडणारे. कंपन्यांनी आरोप नाकारले आणि डिसेंबर २०२२मध्ये अपील न्यायाधिकरणाने प्रकरण फेरविचारासाठी आयोगाकडे परत पाठवले. दोष सिद्ध झाला असे म्हणता येणार नाही. पण एवढे निश्चित म्हणता येईल की, टायर महाग झाला की, ट्रॉलीवाला तो झिजेपर्यंत नव्हे, फुटेपर्यंत वापरतो. किंमत कोणत्या कार्यालयात ठरते आणि तिची वसुली कोणत्या उतारावर होते, यांतील अंतर मोजणे हेच समाजवादी अर्थशास्त्राचे काम आहे.

कायद्याचीही पळवाट पाहण्यासारखी आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९मध्ये कलम ११०-अ घालण्यात आले. सदोष वाहने व त्यांचे सदोष भाग परत मागवण्याचा आदेश सरकार उत्पादकाला देऊ शकते. चांगली तरतूद आहे. परंतु बैलगाडी हे मोटार वाहन नव्हे. म्हणून तिच्या टायरचा दोष या कायद्याच्या कक्षेबाहेर आणि तिचा गाडीवानही कक्षेबाहेर. महासंघाकडे दाद मागणारा शर्यतीचा चालक आणि कोणाकडेच दाद मागू न शकणारा भूम तालुक्याचा गाडीवान, या दोघांच्या चाकांखाली रबरच असते. फरक त्यांच्या मागे उभ्या असलेल्या शक्तीचा आहे.

काय केले पाहिजे

पक्षाच्या कार्यकर्त्यांनी या प्रश्नाला हात घालण्याची वेळ गाळप हंगाम सुरू होण्यापूर्वीची आहे. मागण्या चार आहेत आणि चारही साध्या आहेत.

पहिली, टायरगाडीची व टायरची देखभाल कारखान्याच्या खर्चाने व्हावी. त्यापोटी मजुराच्या हिशेबातून एक पैसाही कापला जाऊ नये. दुसरी, काट्यावर वजन होते, तसेच टायरही पाहिले जावेत. गोटा झालेल्या टायरची ट्रॉली वा गाडी रिकामी करून घ्यावी, पण परत रस्त्यावर सोडू नये, आणि त्या दिवसाची मजुरी बुडू नये. तिसरी, अपघाताच्या प्रत्येक पंचनाम्यात टायरचा उत्पादक, टायरवर छापलेला उत्पादनाचा आठवडा व वर्ष, नक्षीची खोली आणि गाडीतील भार यांची नोंद सक्तीची व्हावी. ‘टायर फुटला’ एवढ्यावर कोणताही तपास संपू नये. चौथी, धोकादायक गाडी जुंपण्यास नकार देणाऱ्या गाडीवानाची उचल, खेप वा नोंदणी यांवर परिणाम होणार नाही, असे कारखाना व मुकादम या दोघांनी लेखी मान्य करावे.

अपघात झालाच, तर भरपाईचा कायदा वाचून घ्यावा. कंत्राटदारामार्फत काम करून घेणाऱ्या मूळ मालकावरही भरपाईची जबाबदारी टाकण्याची तरतूद त्यात आहे. मुकादमाकडे बोट दाखवून कारखान्याला सुटता येऊ नये, यासाठी ही तरतूद उपयोगी पडू शकते. मात्र त्यासाठी कागद तयार हवा, साक्षीदार हवा आणि सोबत जाणारा कार्यकर्ता हवा.

आणि टपरीवर शर्यत पाहणाऱ्या त्या पोरांकडे नाक मुरडण्याऐवजी त्यांच्याशी बोलावे. इंडियानापोलिसची हकिगत त्यांच्यातील कित्येकांना ठाऊक असेल. चौदा गाड्या का थांबल्या, हे त्यांना समजते. मग स्वतःच्या बापाची गाडी का थांबू शकत नाही, हा प्रश्न त्यांना विचारावा. कोजागरीला तुळजापूरच्या वाटेवर पायी येणाऱ्या भाविकांची गर्दी ओसरली की, याच रस्त्यांवर उसाच्या गाड्या दिसू लागतात. त्याआधी गावोगाव एक बैठक झाली, गाड्यांचे टायर एकदा सर्वांदेखत पाहिले गेले आणि जे बाद ते बाद असे गाडीवानांनी एकमुखाने ठरवले, तर यंदाच्या हंगामात निदान एका जिल्ह्यात तरी टायर ‘दैवाने’ फुटणार नाही.